कुरडयांच्या दिवसांतली चिमणी

घाटकोपरला, रेल्वेच्या पूर्वेला, मिठागरांच्या अलीकडे एक कापड रंगवायचा कारखाना होता. पन्नास सालानंतरची गोष्ट. तिथल्या बॉयलरवर मी आगवाला होतो. म्हणजे कोळसा टाकायचा, राख ओढायची आणि वाफ खाली येऊ द्यायची नाही. शाळा सातवीत सुटली होती, घर देवगडच्या बाजूला राहिलं होतं. विशी आली तरी सारखी धाकधूक असायची, की आज ना उद्या आपल्या हातून काहीतरी बिघडणार आणि मालक म्हणणार, जा परत. बिघडलं खरं. पण जा म्हणाले ते मला नाही.

बॉयलरवरचे मोठे आगवाले आमच्याच भागातले. मी त्यांना मामा म्हणायचो. नातं काही नव्हतं. फावडं कसं धरायचं इथपासून सगळं त्यांनी शिकवलं, आणि शिकवताना एकदाही हात उगारला नाही. त्या काळी ही मोठीच गोष्ट.

त्यांचं सगळं लक्ष चिमणीच्या ओढीवर. चिमणीच्या बुडाशी, जिथून धूर आत शिरतो तिथे, एक लोखंडी झडप असते. तिला आम्ही डँपर म्हणायचो. झडप वर उचलली की चिमणी जोरात ओढते आणि आग भडकते. खाली सोडली की आग मंदावते. तिची साखळी कप्पीवरून पुढे येऊन भट्टीच्या दाराशेजारी हुकाला अडकवलेली असायची. साखळीच्या एका कडीला मामांनी तांबडा रंग फासला होता. त्या कडीच्या पुढे साखळी सोडायची नाही, झडप कधीच पुरती बंद करायची नाही, हा नियम.

"तांबड्येच्या फुडे सोडलंस तर धूर खंय जातलो?" ते विचारायचे आणि उत्तरही तेच द्यायचे, "तुझ्या नि माझ्या नाकात."

ओढ बघायची त्यांची रीत न्यारी होती. पेटलेली बिडी भट्टीच्या दाराच्या फटीशी धरायची. धूर आत खेचला गेला की चिमणी ठीक. "येक झुरको तिचो, येक माझो," म्हणत उरलेली बिडी ते स्वतः ओढायचे.

कारखान्यासमोर ऑफिसात जाणाऱ्या लोकांची नवी इमारत झाली होती. तिथल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं माझ्यावर फार मोठं ऋण. मी हिवतापानं आडवा झालो तेव्हा त्यांनी दहा दिवस मऊ भात आणि लिंबाचं लोणचं पाठवलं होतं. कोण कुठला मी, हात कोळशानं भरलेले. त्यांनी डबा दारातून दिला नाही, आत बोलावून दिला. घरापासून इतक्या लांब असं कुणी वागलं की माणूस त्याचा होऊन जातो.

त्या वर्षी एप्रिलात काकूंनी मला जिन्यात गाठलं. लेकीचं लग्न ठरलं होतं, रुखवतात मांडायला कुरडया घालायच्या होत्या. गच्चीवर पांढरीशुभ्र धोतरं अंथरून कुरडया वाळत घातल्या आणि दुपारी खाडीकडे वारा फिरल्यावर आमची काजळी थेट त्यांच्यावर.

"अरे, तुझ्या त्या चिमणीनं वाट लावली माझी! व्याही विचारतील, कुरडया गव्हाच्या की काळ्या तिळाच्या?"

"बघतो ना काकू मी."

"बघतोस काय? तिला जरा दम दे. अजून तीनच दिवस घालायच्यात."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. वाटलं, आता फेडायची वेळ आली.

जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबायची, वाफ फारशी लागत नसे. मामा तेव्हा बॉयलरच्या मागच्या बोळात पोतं टाकून अर्धा तास पडायचे. आग माझ्या हाती. पहिल्या दिवशी मी साखळी तांबड्या कडीच्या पुढे दोन कड्या सोडली. चिमणीचा धूर विरळ झाला, काही बिघडलं नाही. मामा उठल्यावर एवढंच म्हणाले, "डोक्याक आज काय झाला हा रे? घण मारल्यासारख्या दुखता." मी म्हटलं, उकाडा फार आहे. दुसऱ्या दिवशी चार कड्या. तेव्हाही ते कपाळ दाबत उठले. मला कळायला हवं होतं. पण मी बघत होतो वर, आकाशाकडे.

तिसऱ्या दिवशी साखळी शेवटपर्यंत सोडली. भट्टीत नुसते लाल निखारे होते, डोळ्यांना धूर कुठेच दिसत नव्हता. धूर नाही म्हणजे धोका नाही, एवढीच माझी अक्कल. मी खोलीचं दार ओढून घेतलं आणि काकूंच्या गच्चीवर गेलो, झालेलं काम बघायला.

"ये, ये! बघ, आज एक ठिपका नाही."

"चिमणीला आज उपास घातलाय, काकू."

"मग तू तरी खा." त्यांनी वाटीभर गरम चीक दिला, वर दूध-साखर. गव्हाचा तो चीक मी आईनंतर पहिल्यांदाच खात होतो. गच्चीवरून आमची चिमणी कोरडी, स्वच्छ दिसत होती. मी सावकाश खाल्लं.

खालून मुकादमाची हाक आली. "अरे ए आगवाल्या! वाफ कुठाय? दोघे मेलात काय?"

मी जिने उतरलो ते आठवत नाही. खोलीत शिरताच साखळी ओढली, दार सताड उघडलं. मामा पोत्यावरच होते. चेहरा लालबुंद, गरम पाण्यानं नुकते न्हाऊन आल्यासारखा, आणि हाक मारली तर ओ नाही. मुकादमानं पाय धरले, मी खांदे. कोळशाच्या हातगाडीवर घालून त्यांना दवाखान्यात नेलं. तिथून मोठ्या इस्पितळात. तिथले डॉक्टर म्हणाले, निखाऱ्यांचा विषारी वायू अंगात भिनलाय, तो दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

ते जगले. आठव्या दिवशी कामावर आले, आणि पाण्याचा नळ सोडायचा की वाफेचा हे त्यांना समजेना. बिडी पेटवून हातात धरायचे आणि ती कशासाठी पेटवली ते विसरायचे. मालकानं महिनाभर पाहिलं. बॉयलरवर असा माणूस ठेवता येत नाही, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. साखळी आपोआप घसरली असणार, असं मुकादम सगळ्यांना सांगत राहिला. मला कुणी विचारलंच नाही. मामांची जागा मला मिळाली.

पावसाआधीच्या शेवटच्या बोटीनं ते गावी निघाले. धक्क्यावर मीच गेलो पोचवायला. ट्रंकेवर बसून त्यांनी विचारलं, "माका काय झाला होता रे?"

मी सगळं सांगितलं. कुरडया, कड्या, गच्ची, चीक. पाय धरून सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "होता असा, झिला. रडा नको," म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला पुरा श्वास घेता आला.

मग बोटीत चढणाऱ्यांची गडबड सुरू झाली. मी ट्रंक उचलली. मामांनी माझी बाही धरली, तोंडाकडे निरखून बघितलं आणि नव्यानंच विचारल्यासारखं विचारलं, "माका काय झाला होता रे?"

लोक मागून ढकलत होते.

"ऊन लागला होता तुमका, मामा," मी म्हटलं.