आईच्या जखमेचा आलेख

राळेगावकडच्या आमच्या शेतात आईच्या तळपायात पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, धसकट घुसलं. जखम चिघळली, म्हणून तिला यवतमाळला दवाखान्यात भरती केलं. इंजेक्शनं सुरू होती, तरी सूज घोट्यावर चढत होती. "अशीच चढत राहिली तर पाय..." म्हणून डॉक्टरबाई थांबल्या.

मी तिथल्याच कॉलेजात एमएस्सी करते. घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. जंतूंवर लेझरचा प्रकाश टाकायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या आलेखावरून, औषधाला दाद न देणारे जंतू ओळखता येतात का ते पाहायचं, हा माझा प्रकल्प. डॉक्टरबाईंनी जखमेतला पू तपासणीला पाठवला होता. निकाल यायला वेळ होता. त्यांना विचारून थोडा मीही कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेला.

यंत्राच्या पडद्यावर बारीक बारीक शिखरं दिसायला हवी होती. दिसला एकच मोठा उंचवटा. यंत्र बिघडलं की माझा हात चुकला, कळेना. प्रकल्पाचे सर आलेखावर वाकले. मग म्हणाले, "जखमेला काही लावलंय का? आईला विचार."

मी दवाखान्यात गेले.

"काही नाही बाई," आई म्हणाली. मग शेजारच्या खाटेकडे पाहत, "हळद लावली थोडीशी."

"डॉक्टरीनबाईनं नाही म्हनलं होतं ना?"

"औषध लावू नको म्हने. हळद काय औषध आहे काय? भाजीत टाकतो आपन."

लेझर पडला की हळद स्वतःच चमकते. त्या उजेडात जंतूंची खूण बुडून गेली होती. मग त्याच नमुन्यातले जंतू वाढवले, धुतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यंत्राखाली ठेवले. शिखरं उमटली. दाद न देणाऱ्या जंतूंच्या आलेखाशी जवळजवळ जुळणारी. असं जुळावं म्हणून मी वर्षभर खपले होते. आता मात्र आपलं चुकलेलंच बरं, असं वाटत होतं.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "पण यावर मी औषध नाही बदलू शकत. आमचा रिपोर्ट येऊ दे."

बरोबरच होतं. दुपारी रिपोर्ट आला. तेच. संध्याकाळी नवं इंजेक्शन सुरू झालं. सुजेच्या कडेने मी पेनाने रेष ओढली आणि चादर उचलून उचलून पाहत राहिले.

"घडीघडी काय पाहून राह्यली?" आई वैतागली. "झोपू दे ना पायाले."

सकाळी सूज रेषेच्या पुढे गेली नव्हती. मागेही हटली नव्हती. पुसट झालेली रेष मी पुन्हा गडद केली.