धुकेदादाचा आवाज

दक्षिण कोरियातल्या मोकपोच्या बंदरावर प्यो हेमीचा चेहरा फार लोकांना माहीत नव्हता, पण तिचा आवाज न ऐकलेला माणूस सापडणं कठीण होतं. बेटांवर जाणाऱ्या बोटींच्या घोषणा ती करायची. हुक्सानदोची बोट कुठल्या धक्क्याला लागली, बिगुमदोची किती उशिरा सुटणार, धुक्यामुळे आज काय काय रद्द, हे सगळं ती एकाच पट्टीत सांगे. रद्द झालेल्या बोटीचे उतारू तिकीट खिडकीवर येऊन आरडाओरडा करत. हेमी मागच्या खोलीत काचेआड बसलेली असल्यामुळे तिला त्यांची नुसती हलणारी तोंडं दिसत. हे काम तिला मानवलं होतं. चौतिशी उलटली होती, लग्न केलेलं नव्हतं. आई थोरल्या भावाकडे सुनचॉनला राहायची आणि दर रविवारी फोनवर एकदा तरी विचारायची, "किती दिवस त्या खोलीत बसणार आहेस?"

शेवटची बोट गेली की हेमी मागच्या रस्त्यावरच्या पीसीबांगमध्ये जायची. खाली मासळीचं दुकान आणि वर तासाच्या भाड्याने खेळायला रांगेने मांडलेले संगणक. मालकीणबाई काही न विचारता तिला कोपऱ्यातली खुर्ची देत आणि थोड्या वेळाने अंडं फोडून घातलेल्या रामयन शेवयांचा वाडगा आणून ठेवत. तिथे बसून ती बंदुकांचा खेळ खेळायची. पाच विरुद्ध पाच. एका बाजूने दोन जागांपैकी एका जागी बॉम्ब लावायचा, दुसऱ्या बाजूने तो लावू द्यायचा नाही. मेला तो डाव संपेपर्यंत बाहेर.

हेमीचा नेम बेताचाच होता. पण कोण कुठे आहे हे तिला न बघता कळायचं. समोरचे दोघं जिन्यावर दिसले, एकाचा आवाज गल्लीतून आला, म्हणजे गोदामाची बाजू मोकळी असणार, असा तिचा हिशेब चाले आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघे. त्यामुळे संघात डाव कसा खेळायचा हे तीच सांगायची. मात्र तोंडाने नाही. ती टाइप करायची.

त्याला कारण होतं. पंचविशीत असताना ती एकदा अनोळखी खेळाडूंबरोबर माइकवर बोलली होती. पहिल्याच वाक्याला एकाने विचारलं, "काकू, भात लावून आलात का?" दुसरा म्हणाला, "बाई असेल तर मी नाही खेळत," आणि बंदूक खाली टाकून मुद्दाम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बाकीचे हसले. हेमीने माइकची वायर उपटली ती कायमची. पुढे खेळातलं नाव बदलून तिने 'धुकं' ठेवलं. नव्या संघात कुणी विचारलं की ती लिहायची, माइक बिघडलाय. संघातल्या लोकांनी तिला अबोल, वयस्कर पुरुष धरलं आणि धुकेदादा म्हणायला लागले. तिने ते तसंच चालू दिलं.

बाकीचे चौघे तिने कधी पाहिले नव्हते. मुनसिक पंचेचाळिशीचा, हेनाममध्ये त्याचं किल्ल्या बनवायचं दुकान होतं आणि संघ त्यानेच जमवला होता. कुक आडनावाचे दोघे सख्खे भाऊ बिगुमदो बेटावर पालक पिकवायचे आणि घरून खेळायचे. आणि तेग्यू. बावीस वर्षांचा, मोकपोतच मोटरसायकलवरून जेवण पोचवायचा. त्याचा हात असा चालायचा की समोरच्याला आपण मेलो हे नंतर कळे. पण तो थांबायचा नाही. दार दिसलं की आत. कधी तिघांना मारून यायचा, बहुतेकदा एकटाच मरायचा, आणि मग उरलेल्या चौघांची फरफट व्हायची.

दोन वर्षं संघ होता तिथेच होता. सुरुवात चांगली व्हायची, पण सामना रंगात आला की शेवटचे डाव हातचे जायचे. मग मुनसिक समजूत काढायचा आणि भाऊ एकमेकांवर खेकसायचे.

"धुकेदादाने थांब लिहिलं होतं," थोरला कुक एकदा म्हणाला.

"लिहिलं होतं," तेग्यू म्हणाला. "मी वाचायला तिथे उभा राहू का? चष्मा पण लावतो, सांग."

हेमीला ते झोंबलं. बोट उशिरा होती म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी तिने त्या सामन्याचं चित्रण तेग्यूच्या बाजूने पाहिलं, म्हणजे त्याच्या पडद्यावर जे दिसत होतं ते. तो दाराशी येतो. दाराबाहेर क्षणभर घुटमळतो. मागे वळून बघतो. कुणी नाही. मग आत शिरतो आणि मरतो. तो पडल्यावर कोपऱ्यात तिची अक्षरं उमटतात: थांब. तिने दुसरा डाव पाहिला, मग तिसरा. सगळीकडे तेच. ती त्याला हट्टी समजत होती. तो दर वेळी वाट बघत होता, आणि तिचं वाक्य येईपर्यंत वेळ निघून जात होती.

त्या संध्याकाळी ती पीसीबांगमध्ये गेली आणि हेडफोनचा माइक तोंडाशी ओढला. पहिले दोन डाव तशीच बसली. तिसऱ्यात तेग्यू दाराशी आला.

"मधलं दार, दोघं आहेत. तेग्यू, आत नको," ती म्हणाली.

तेग्यू थांबला. खरं तर पाचही जण थांबले, आणि समोरच्यांनी येऊन सगळ्यांना उभ्या जागी मारलं.

"कोण बोललं?" मुनसिकने विचारलं.

"मी. धुकं."

मग धाकटा कुक म्हणाला, "अरे, हा बंदरावरचा आवाज आहे."

"कुठला बंदरावरचा?"

"तोच, बिगुमदोची बोट रद्द म्हणणारा. आजोबांच्या सत्तरीला हिनेच अडकवलं आपल्याला."

"मी नाही अडकवलं, धुक्याने," हेमी म्हणाली.

भाऊ हसले. तेग्यू हसला नाही.

"दोन वर्षं माइक बिघडलाय म्हणालीस," तो म्हणाला. "मी नवा पाठवणार होतो. पत्ता मागितला होता."

"मी दिला नाही."

"नाही दिलास. मला वाटलं, परिस्थिती नसेल, लाजत असेल. म्हणून परत विचारलं नाही."

तेग्यू खेळातून बाहेर पडला आणि नंतर बरेच दिवस आला नाही.

त्याच्या जागी मुनसिकने आपल्या एका भाच्याला घेतलं. तो दर डावाला काहीतरी खात असायचा. आणि हेमी बोलायला लागली तरी संघ सुधारला नाही, उलट आणखी हरायला लागला. घोषणा करण्याची सवय तिच्या जिभेवर बसली होती. "डावीकडच्या गल्लीतून दोन जण येत आहेत, तरी मुनसिकने मागे यावं," असं वाक्य संपेस्तोवर मुनसिक मेलेला असे.

"ताई," धाकटा कुक म्हणाला, "आम्ही उतारू नाही. नुसतं ठिकाण सांग."

मग त्यांनी रविवारी सकाळी शत्रूच नसलेल्या नकाशात नुसतं हिंडायला सुरुवात केली. प्रत्येक कोपऱ्याला एकच शब्दाचं नाव दिलं: मासळीबाजार, जिना, मोरी. ठिकाण आणि माणसं किती, बास. मेलेल्याने मारणारा कुठे आहे तेवढं सांगायचं आणि गप्प बसायचं. हे शेवटचं सगळ्यांत अवघड गेलं, कारण मेल्यावर माणसाला फार सुचतं. थोरला कुक तर मेला की हातातला पावसुद्धा तोंडात कोंबायचा, बोलायला नको म्हणून.

तेग्यू भेटला तो अचानक. टर्मिनलच्या कार्यालयात कुणीतरी काळ्या सॉसच्या शेवया मागवल्या होत्या. हेमी घोषणा संपवून बाहेर आली तर दारात हेल्मेट घातलेला एक पोरगा डबे खाली ठेवत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं.

"तूच का?" तो म्हणाला.

आवाजावरून तिनेही ओळखलं. "हो."

"मला वाटलं उंच असशील."

"सगळ्यांना वाटतं. माइकमुळे." मग ती म्हणाली, "तुझं चित्रण पाहिलं मी. दाराशी तू मागे बघायचास."

तेग्यूने हेल्मेट काढलं नाही. "बघायचो. कुणी नसायचं."

"माझी चूक होती ती. लिहिण्याचीही, आणि खोटं बोलण्याचीही."

तो थोडा वेळ डब्यांशी खुडबुडत राहिला. "भाचा कसा खेळतो?"

"खातो."

"मी आलो तर मी आत शिरल्यावर मागे कोण येणार? ते आधी ठरलं पाहिजे."

"मी येईन," हेमी म्हणाली.

आजवर ती सगळ्यांच्या मागे, सुरक्षित जागी राहून डाव चालवत होती. आता ती तेग्यूच्या पाठोपाठ दारातून आत जायला लागली. तो पडला तरी त्याला मारणारा तिच्या समोर उघडा पडलेला असे. तिचा नेम बेताचा असला तरी तेवढ्यासाठी पुरत होता. मुनसिक धुराचे गोळे टाकून वाट झाकायचा, भाऊ दुसऱ्या बाजूला नुसता गोंगाट करून समोरच्यांना गुंतवून ठेवायचे. हिवाळा संपेपर्यंत त्यांची ग्वांगजूच्या स्पर्धेसाठी निवड झाली.

तिथे सगळे पहिल्यांदा एकत्र भेटले. मुनसिकने सगळ्यांना हातमोजे आणले होते, का ते त्यालाच ठाऊक. समोरचा संघ जॉन्जूच्या कॉलेजातल्या पोरांचा होता. त्यातल्या एकाने हेमीकडे बघून मोठ्याने विचारलं, "आईला बरोबर आणलंत का रे?"

"हो," थोरला कुक म्हणाला, "तुझी पण येणार होती, पण बोट रद्द झाली."

तो सामना त्यांनी जिंकला, त्याच्यानंतरचाही. तिसऱ्यात मात्र गोष्ट शेवटच्या डावापर्यंत गेली. समोरच्यांना बॉम्ब लावू द्यायचा नव्हता. हेमीचा अंदाज होता, हे जिन्याने वर येणार.

"सगळे वर."

"मला मोरीत पावलं ऐकू आली," तेग्यू म्हणाला.

"वर," हेमी म्हणाली.

तो वर गेला. शत्रू मोरीतून आले, निवांत बॉम्ब लावला, आणि सामना तिथेच संपला.

संध्याकाळी ते बदकाच्या सूपच्या दुकानात बसले. भाऊ हाडं चोखत होते.

"तू पावलं ऐकली होतीस," हेमी म्हणाली.

"हो."

"मग का आलास वर?"

"तू म्हणालीस म्हणून. एकदा तरी ऐकलं, तर हे असं."

"यापुढे ऐकू आलं तर माझं ऐकायचं नाही. मी अंदाज करत असते, तू तिथे असतोस. तू म्हणशील तिकडे आम्ही येऊ."

"आणि मी चुकलो तर?"

"तर चुकलास. मी काय रोज बरोबर असते?"

"झालं का दोघांचं?" मुनसिक म्हणाला. "सूप गार होतंय."

पुढच्या वर्षी ते शेवटच्या चार संघांत पोचले आणि तिथे सपाटून हरले. मग धाकटा कुक सैन्यात गेला. तेग्यूला सोलमधल्या एका व्यावसायिक संघाने चाचणीला बोलावलं. तीन महिने ठेवून घेतलं आणि मग हात चांगला आहे पण वय झालंय असं सांगून परत पाठवलं. तेव्हा तो पंचवीसचा होता. त्याने मोकपोला येऊन मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि खेळणं सोडलं. आपल्याला वाईट वाटतं का हे त्याने कुणाला सांगितलं नाही. हेमीनेही विचारलं नाही.

हेमी अजून खेळते. संघात मुनसिक आणि थोरला कुक आहेत, दोन नवे आहेत. अनोळखी लोकांत खेळताना अजूनही कुणीतरी भातावरून बोलतं. ती त्याचा आवाज बंद करते आणि ठिकाणं सांगत राहते. संघाचे सामने तेग्यू दुकानात एका बाजूला लावून ठेवतो आणि संपले की फोन करतो.

"तिसऱ्या डावात धूर लवकर टाकलात."

"मुनसिकदादाचा हात सुटला."

"आणि तो नवीन पोरगा आत शिरतो तेव्हा तू दोन पावलं मागे असतेस."

"गुडघा दुखतो," हेमी म्हणते.

"खेळात?"

"जेवलास का?" ती विचारते, आणि मग ते दुसरंच काहीतरी बोलत बसतात.