अर्जुनाच्या खोडावरची काळी पाखरं

मी तशी तिरसट बाई. आदिलाबादला आमचं किराणा दुकान होतं. भीमपूरकडच्या खेड्यात मराठी शाळेवर मला नोकरी लागली, तेव्हा भावांपैकी एकानंही "जाऊ नको" म्हटलं नाही. ही ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. लग्न झालेलं नव्हतं, पुढंही झालं नाही.

शाळा सुटली की गाव आपापल्या घरी, मी माझ्या खोलीत. सुट्टीच्या दिवशी तर तोंडातून शब्द निघायचा नाही. जीव घुसमटला की मी शाळेमागं नाल्याकाठी जाऊन बसायची. तिथं अर्जुनाची पाच-सहा झाडं होती. अर्जुनाची साल पांढुरकी, आणि तिच्यावर पंख पसरून दिवसभर झोपणारी पाखरंही पांढुरकी. दिव्यावर झडप घालतात ना, तीच, पतंगाच्या जातीची. डोळे ताणल्याशिवाय दिसायची नाहीत. क्वचित एखादं काळपट निघालं तर लांबूनच कळायचं, आणि कोतवाल पक्षी येऊन ते उचलायचा.

मग नाल्यापलीकडं वीटभट्टी लागली. धुरानं खोडं अशी काळी पडली की पावसानंही धुतली जाईनात. आता पांढुरकी पाखरं उठून दिसायला लागली, आणि कोतवाल ती टिपायला लागला. काळी तेवढी वाचायची, अंडी घालायची. चार-पाच वर्षांत पांढुरकं पाखरू शोधून सापडेना! पाखरानं काही ठरवून रंग बदलला नव्हता. जे लपलं त्याचा वंश राहिला, एवढंच. पुस्तकात वाचलेलं माझ्या डोळ्यांदेखत घडत होतं, आणि सांगू कोणाला?

यवतमाळला कॉलेजात मला जीवशास्त्र शिकवणारे सर होते. त्यांना कार्ड टाकलं. उत्तर आलं, "भट्टीची काजळी बसली असेल." माय वो, असा राग आला! ओल्या बोटानं पुसून पाहिलं होतं मी, मळ नव्हता तो. पुन्हा लिहिलं. लिहीतच राहिले. शेवटी एका हिवाळ्यात त्यांनी कळवलं, येतो, प्रत्यक्ष बघतो. कार्ड वाचून मी रडले. खरं सांगते, पाखरं हे निमित्त. इतक्या वर्षांत माझ्याकडं येणारं हे पहिलं माणूस, आणि "तू पाहिलंस ते खरं" एवढं त्यानं म्हणावं, बस.

सरांना घ्यायला मी आदल्या दिवशीच आदिलाबादला भावाकडं जाऊन राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही दोघं आलो. फाट्यावर शाळेचा शिपाई झेंडूचा हार घेऊन उभा. सगळं गाव त्याला मामा म्हणायचं.

आमच्याकडं मोठा माणूस येणार म्हटलं की झाडांना चुना मारायचा, मधे गेरूचा पट्टा ओढायचा, ही रीत. एरवी दारातल्या दोन कडुनिंबांवर भागायचं. पण माझा पाहुणा म्हणून मामानं आदल्या दिवशी शिडी लावून नाल्याकाठचे सगळे अर्जुन फांद्यांपर्यंत पांढरेफेक केले होते.

"लोक काय मनतील बाई?" मामा मला म्हणाला. "तुमचा पाहुना येऊन राह्यला, अन् झाडं अशी काळीभोर?"

रात्री पाखरं नेहमीच्या जागी येऊन बसली असणार. पांढऱ्या चुन्यावर काळी पाखरं! उजाडल्यापासून कोतवालांची आणि साळुंक्यांची चंगळ झाली होती. आम्ही नाल्याकाठी पोचलो तेव्हा खोडावर एकही उरलं नव्हतं. बुंध्याशी तुटके पंख पडले होते. सरांनी एक उचलून चिमटीत चोळला. पंखाची भुकटी झाली, पाखराचा रंग त्या भुकटीतच असतो, बोटं काळी झाली.

"काजळीच आहे," सर म्हणाले.

मी वही काढली. पाच वर्षांची चित्रं, सगळी पेन्सिलीची. त्यात पांढुरकं काय नि काळं काय, सगळं करडंच. मला एक पाखरू मारून जपून ठेवायचं कधी सुचलं नव्हतं. मारवलंही नसतं. सरांनी दोन-चार पानं उलटली आणि परतीच्या बसची वेळ विचारली.

बसमध्ये चढताना म्हणाले, "लग्न करून घे आता. एकटं राहिलं की माणसाला काहीबाही दिसायला लागतं."

बस गेली. मी तिथंच उभी होते. असं वाटलं, आत्ताच्या आत्ता मामाला इतकं बोलावं, इतकं बोलावं! मागं वळले तर तो समोरच. धोतरावर चुन्याचे शिंतोडे, शिडी धरून धरून हात सोललेले.

"बाई, सायेब खूष झाले ना?"

"हाव मामा. लई खूष झाले."

"मंग पुढच्या बारीला आले का शेंड्यापर्यंत मारू चुना."

"मारू," मी म्हणाले.