नैरोबीला निघालेला शिंपी

मोशीतला आमचा शिंपी घाबरला की ओठांत टाचण्या धरतो. मग कुणी काही विचारलं तरी नुसती मान हलवून भागतं. हल्ली त्याच्या तोंडातून टाचण्या निघतच नव्हत्या.

चाकणच्या कंपन्यांचे युनिफॉर्म शिवता शिवता त्याने थेट नैरोबीत कपड्यांचा छोटा कारखाना काढायचं ठरवलं होतं. मशिनी पुढे रवाना झाल्या होत्या. तिथल्या शेडचा मालक मात्र त्याने फक्त मोबाइलवर पाहिलेला.

परवा मी पँट कमरेत सैल करून घ्यायला गेलो. ती होणार याची खात्री होती, कारण पुढे कपडा वाढवता यावा म्हणून शिवणीच्या आत तो माया सोडतोच.

"भाऊ, तो शेडवाला खात्रीचा आहे ना?" मी विचारलं.

त्याने टाचण्या काढल्या. "असंल की. सहा महिन्यांत बस्तान बसवतो अन् येतो बघा." मग हळूच म्हणाला, "साहेब, तिकडं एकटा माणूस आजारी पडला तर काय करतेत हो?"

मी पँट उलगडून त्याच्यापुढे ठेवली.

स्वतःच्या तिसरीतल्या लेकीसाठी शिवलेला शाळेचा फ्रॉक तो घडी करत होता. उलटा केला तेव्हा दिसलं, घेराला आतून वीतभर कापड दुमडलेलं होतं. खांद्यांत, बगलेतसुद्धा. वर्षाला एकेक टीप उसवली असती, तर पोरगी सातवीत जाईपर्यंत तो फ्रॉक पुरला असता.

माझी नजर कुठे आहे ते त्याला कळलं. त्याने टाचण्या उचलल्या आणि पुन्हा ओठांत धरल्या.