टाकीतलं जुनं पाणी

खरादकाका पोळी चमच्याने खात. काकू डब्यात पोळी वरणात कुस्करूनच देत. कारखान्यातल्या पहिल्या दिवशी मला ते चमत्कारिक वाटलं. मग ते नळावर डबा विसळत असताना मी त्यांचे हात पाहिले. बोटांच्या पेरांवर चिरा पडलेल्या, चिरांत काळं तेल शिरलेलं, तळव्यांची कातडी जागोजागी सोललेली. मिठाचा कण लागला तरी झोंबायचं.

धातू कातायच्या लेथ यंत्राला आमच्या ग्वाल्हेरात खराद म्हणतात. काकांची तीस-एक वर्षं त्याच्यासमोर उभ्याने गेली होती. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दख्खनमधून आले आणि शहरातल्या शिंदे की छावनी या वस्तीतच राहिले. मी जवळच्या डबरा गावची. शाळा हिंदी माध्यमाची आणि घरातली पहिली पदवी माझी. इंजिनिअर म्हणून रुजू झाले, पण मायक्रोमीटर मी नळाच्या तोटीसारखा आवळत असे. काकांनी ते पाहिलं आणि जेवणाच्या सुट्टीत, सगळे बाहेर गेल्यावर, मला बोलावलं. "बेटा, हलकं. कट् आवाज आला की थांबायचं. लोखंडाचं माप घ्यायचंय, त्याचा गळा नाही धरायचा." मला हे येत नव्हतं, हे त्यांनी कधी कुणाला कळू दिलं नाही.

"आधी कान, मग मायक्रोमीटर," असं ते म्हणत. पातं बोथट होऊ लागलं की त्यांना आवाजावरून कळायचं. मग ते कूलंटच्या धारेत बोटं घालून धार गरम झाली का ते बघत. कूलंट म्हणजे कापताना धातूवर सोडतात ते तेल मिसळलेलं दुधी पाणी. त्यांच्या हातांचं वाटोळं याच पाण्याने केलं होतं, कारण त्यातलं तेल खनिज होतं. मी एकदा हातमोज्यांचं सुचवलं. "फिरत्या खरादवर मोजे? मोज्याबरोबर हातही आत जाईल." दौलतगंजच्या डॉक्टरांनी तेलापासून दूर राहायला सांगितलं होतं. काका सांगत, "मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, मग तुम्हीही सुई सोडा."

त्या पावसाळ्यात त्यांची बोटं वळेनाशी झाली. मायक्रोमीटर दोनदा हातातून निसटला आणि काही नग बाद झाले. मालक मला म्हणाले, "मैडम, काका से अब नहीं होगा. दिवाली के बाद गेट पर बिठा देंगे." मला ते सहन होईना. वनस्पती तेलापासून बनवलेलं कूलंट कातडीला कमी जाचतं, असं मी वाचलं होतं. मालकांच्या मागे लागून मी एका खरादवर प्रयोग मान्य करून घेतला. काकांच्याच. तो यशस्वी झाला तर काका जागेवर राहणार होते.

नवं तेल भरायच्या दिवशी काकांनी टाकी रिकामी केली, पण जुनं पाणी एक बादलीभर बाजूला काढून ठेवलं. नवं भरून झाल्यावर ती बादली त्यांनी त्यात ओतली. "सगळंच नवं मशीनला मानवत नाही. थोडं जुनं लागतं, विरजणासारखं." आमच्याकडच्या साऱ्या जुन्या कारागिरांची हीच पद्धत होती. टाकी धुवून कोरडी करा, जुन्याचा थेंबही राहू देऊ नका, असं तेलाबरोबर आलेल्या कागदावर छापलं होतं. तो कागद माझ्या हातात होता. आजूबाजूला चार माणसं उभी होती. काकांना त्यांच्यासमोर मी कसं शिकवायचं? एका बादलीने काय होणार, असं मनाशी म्हणून मी गप्प राहिले.

पुढचे तीन आठवडे चांगले गेले. धूर जवळजवळ बंद झाला. पातं जास्त दिवस टिकू लागलं, कारण हे तेल धातूला धरून राहतं. नग आरशासारखे निघू लागले. शेजारच्या मशीनवरचा इरफान नाकाने हुंगत म्हणायचा, "काका, पूड़ी कब तक तलोगे? सब्ज़ी भी बता दो." काका म्हणायचे, "तू पहले प्लेट तो धो के ला." त्यांच्या चिरा कोरड्या पडू लागल्या होत्या. एक दिवस त्यांनी मला तळवा उघडून दाखवला आणि लगेच मिटला, कुणाची दृष्ट लागेल म्हणून.

दिवाळीत मशिनं पाच दिवस बंद होती. उघडल्यावर त्या खरादजवळ उभं राहवेना. जुन्या पाण्यातले जंतू नव्यात वाढले होते आणि सगळं कूलंट सडलं होतं. मालकांनी नाकाला रुमाल लावला. "खाने का तेल है, सड़ेगा ही. बंद करो ये चक्कर." खरं सांगायचं तर काकांचं नाव घ्यावं लागलं असतं. मी पुन्हा गप्प राहिले. काकांना वाटलं, तेलच खोटं. "नाही मानवलं बेटा. तू खूप केलंस." सोमवारपासून ते गेटवर बसू लागले.

वर्षभराने मालक बदलले. मी टाक्या धुवून घेतल्या आणि सगळ्या मशिनांवर तेच तेल आणलं. ते सडलं नाही. ते सांगायला एका रविवारी मी छावनीत काकांच्या घरी गेले. त्यांचे हात बरे झाले होते, कारकुनाच्या हातांसारखे मऊ. ते हात मांडीवर तसेच पडून होते. मी त्यांना बादलीचं सांगितलं.

त्यांनी हात उलटेपालटे करून पाहिले. मग म्हणाले, "तू तेव्हा पाहिलं होतंस?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मोठे, काका. सगळ्यांसमोर कसं..."

"जेवणाच्या सुट्टीत बोलायचं होतंस. मायक्रोमीटरचं मी तुला तसंच सांगितलं होतं ना?"

काकूंनी चहा आणला. काकांनी मला घरच्यांची खुशाली विचारली. खरादचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. गेल्या थंडीत ते गेले.

त्यांच्या खरादवर आता दुसरा कारागीर आहे. त्याचे हात धडधाकट आहेत. परवा त्याने विचारलं, "मैडम, हे तेल आधीच का नाही आणलं?" जेवणाची सुट्टी झाली होती, सगळे बाहेर गेले होते. मी त्याला सारं सांगितलं, माझ्या हातातल्या कागदासकट.