आत्याचा वेगळा कप

आत्याचा कप आमच्या घरात वेगळा होता. आमचं बुकबाइंडिंगचं दुकान, त्याच्या मागे स्वयंपाकघर, आणि तिथे खिडकीवर तिची एकटीची फळी. एक कप, एक ताटली, एक पेला. बाविसाव्या वर्षी तिच्या ओठाशेजारी पांढरा डाग उठला आणि ठरलेलं लग्न मोडलं. तेव्हापासून ती दुकानात मागे बसून पुस्तकांचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवायची. गिऱ्हाईक आलं की तिच्यापुढे पडदा ओढायचा, हा बाबांचा नियम.

हा नियम बाबांनी मनाने काढला नव्हता. आमच्याकडे धर्मग्रंथ दुरुस्तीला फार यायचे. त्यांतल्या एका पुरातन ग्रंथात कातडीवरच्या डागांचा अख्खा अध्याय होता. पुरोहिताने डाग बघावा, माणसाला सात दिवस कोंडून ठेवावं, पुन्हा बघावं. डाग पसरलेला दिसला तर वस्तीबाहेर काढावं. बाबांना तो अध्याय तोंडपाठ. आत्यालाही, कारण तो ग्रंथ तिनेच शिवला होता. त्यात पुढे असंही होतं, की डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग पांढरं झालं तर माणूस शुद्ध समजावा. आत्या म्हणायची, "आता पाठ आणि दोन गुडघे राहिलेत. तेवढं उरकलं की मी पडद्याबाहेर." मी हसायचे, आणि मग हसल्याची लाज वाटायची.

दहा वर्षांपूर्वी दवाखान्यातली एक नर्स घरोघर तपासणीला आली होती. तिने आत्याला डोळे मिटायला लावून एकेका डागावर कापूस टेकवला. आत्याने प्रत्येक जागा बरोबर सांगितली. "हे नुसतं कोड आहे, महारोग नाही. कुणाला लागत नाही," असं सांगून नर्स गेली. बाबा म्हणाले, "इतका जुना ग्रंथ खोटा आणि ही कालची पोरगी खरी?" कप फळीवरच राहिला. मला बाबांचा राग आला तो तेव्हापासून, आणि मी तो कधी लपवला नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी बाबा पुठ्ठे चिकटवायचा सरस तापवत माझ्याशी बोलत होते. कातडी करपल्याचा वास आला. त्यांची करंगळी तापलेल्या भांड्याला चिकटली होती आणि बाबा आपले बोलतच होते. आत्याने धावत येऊन त्यांचा हात ओढला, पाण्याखाली धरला आणि बाही वर सारली. कोपराखाली एक फिकट तांबूस चट्टा होता, सहज नजरेत न येणारा. आत्याची नजर मात्र डागांवरच तयार झालेली.

"डोळे मीट, दादा," ती म्हणाली. "लागलं की सांग." शिवायच्या दोऱ्याचं टोक तिने हातात घेतलं.

बाबा डोळे मिटून बसले. थोड्या वेळाने वैतागून म्हणाले, "अगं, कर की सुरू!"

तोवर तिने पाच वेळा टोक टेकवलं होतं.

चार दिवस बाबा दवाखान्यात जायला तयार होईनात. बहिणीला महारोगाचं जे नाव दिलं, ते आता स्वतःला लागणार होतं. शेवटी आत्याच म्हणाली, "मला मागे बसवलंस तरी माझे हात चालत होते. तुझी बोटं वाकली तर आरी कशी धरशील?"

डॉक्टरीणबाईंनी चट्टा तपासला, कोपराजवळची जाड झालेली नस चाचपली. "कुष्ठरोग आहे. सहा महिने गोळ्या घ्या, पूर्ण बरा होतो. पहिल्या गोळ्या आत्ता माझ्यासमोर घ्या, मग घरच्यांना भीती नाही. बधिर बोटांचं काम मात्र आता डोळ्यांनी करायचं. काहीही धरताना बघत जा." बाबांनी हळूच त्या अध्यायाचं विचारलं. त्या म्हणाल्या, "त्या काळी सगळे डाग एकाच नावात घालत. तपासायला नुसते डोळेच होते त्यांच्याकडे."

घरी येऊन बाबांनी आपला कप उचलला आणि आत्याच्या फळीवर नेऊन ठेवला. आत्याने तो परत जागेवर आणला.

"मग तुझाही आण इकडे," बाबा म्हणाले.

"तो तिथे मी ठेवला नव्हता."

बाबा उठले. तिचा कप त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि बोटांवरून नजर न हलवता सगळं स्वयंपाकघर ओलांडून आपल्या कपाशेजारी ठेवला. एकतीस वर्षांनी. त्यांना रडू फुटत होतं, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांची दया आली.

"राहू दे तिथे," आत्या म्हणाली. "सात दिवसांनी पुन्हा बघू."

पडद्यासाठी मात्र ती सात दिवस थांबली नाही. त्याच दुपारी तिने तो काढला आणि सरस पुसायला त्याच्या चिंध्या केल्या.