कळलावीचा लेप

कळलावी फुलली की मला गप्प बसवत नाही. खाली पिवळी, वर लालभडक, पाकळ्या उलट्या वळलेल्या. श्रावणात पोलादपूरकडच्या आमच्या वाडीचं कुंपण पेटल्यासारखं दिसतं! मी महाडला शाळेत विज्ञान शिकवते आणि दरवर्षी हे फूल दाखवून पोरांना दरडावते, याचा कंद विषारी, हात लावाल तर खबरदार.

माझ्या सासूबाई तोच कंद उगाळतात. पूर्वी अडलेल्या बाळंतिणीच्या तळपायांना त्याचा लेप लावायचे. आता बायका दवाखान्यात जातात, लेप गुरांपुरता उरला.

गेल्या श्रावणात आमची एकुलती एक गाय अडली. गुरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, तासभर लागेल. गायीने तर मान टाकलेली. सासूबाईंनी कंद खणला, उगाळला आणि कासेच्या वर पोटाला फासला. मी कुरकुरले.

"तुझं काम येकच हाय," त्या म्हणाल्या. "वासरू भुईला टेकलं का आदी लेप धुवायचा. तवर वासराकडं बघायचं पन नाय."

लेप राहिला तर गायीचं मायांग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येतं, असं त्या मानतात. म्हणून एक जण नुसता धुवायला, बादली घेऊन उभा ठेवायचा, ही त्यांच्या घरची रीत.

आणि काय सांगू, अर्ध्या तासात कालवड! कपाळावर पांढरा टिळा! मी बादली ठेवली आणि मुंबईला नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. "बघ, बघ, उभी राहतेय!" मी नाचायचीच बाकी होते. सासूबाई वासरामागून वार पडायची वाट बघत मागे बसलेल्या. धुण्याचं त्यांनी माझ्यावर सोडलेलं. कालवड लटपटत कासेकडे गेली. तिने जीभ काढली आणि मला लेप दिसला. तसाच, ओला.

फोन कुठे पडला कळलं नाही. मी तिचं तोंड मागे ओढलं, बादली ओतली, हातांनी खसाखसा घासलं. पोरांना दरडावणारी मी! भीतीने रडूच फुटलं.

डॉक्टर आले, मायलेकी धडधाकट निघाल्या. "लेपाशिवायही व्याली असती," ते म्हणाले. सासूबाईंनी साबण घेतला, माझे दोन्ही हात धरले आणि एकेक नख चोळून धुतलं.

शिव्या त्यांनी त्यानंतर घातल्या.